वाचकांचे प्रश्न : पेग्मटाइट आणि त्यातील दुर्मीळ धातू

लिथियमच्या बातम्या वाढल्यापासून या सदराकडे खडकांविषयीची पत्रेही वाढली आहेत. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या परसात विहीर खणताना पांढऱ्या-गुलाबी, अतिशय भरड खडकाचा एक पट्टा लागला. त्यात तळहाताएवढे अभ्रकाचे पापुद्रे आणि गारगोटीचे मोठे गोळे आहेत. मुलगा म्हणतो, याला पेग्मटाइट म्हणतात आणि लिथियम यातच सापडते. हे खरे असेल, तर पुढे काय करावे? (एक वाचक, कुडाळ तालुका)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे पहिले विधान वर्णनावरून बरोबर दिसते, दुसरे मात्र अर्धेच बरोबर आहे. पेग्मटाइट म्हणजे ग्रॅनाइटचाच एक फार भरड भाऊबंद होय. फेल्डस्पार, क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आणि अभ्रक ही तीन खनिजे दोहोंतही असतात. फरक पडतो तो मुख्यतः कणांच्या आकारात. जगातील बहुसंख्य पेग्मटाइटांमध्ये या तिघांखेरीज सांगण्यासारखे काहीच नसते. स्पोड्युमीन, पेटलाइट व लेपिडोलाइट ही लिथियमची खनिजे, बेरिलियमचे बेरिल, टँटलम व नायोबियम यांचे कोलंबाइट-टँटलाइट, कथिलाचे कॅसिटेराइट आणि सिझियमचे पोल्युसाइट ही मंडळी ज्यांत आढळतात, असे पेग्मटाइट फार थोडे असतात.

नुसत्या डोळ्यांनी निर्णय करू नये, कारण फसवणुकीच्या जागा पुष्कळ आहेत. जांभळट अभ्रक दिसले की ते लिथियमचे लेपिडोलाइट, असे सर्रास समजले जाते. परंतु तो रंग लिथियममुळे नसून अल्पशा मँगनीजमुळे येतो. त्यामुळे गुलाबी असूनही लिथियम नसलेले अभ्रक सापडते, तसेच लिथियम असूनही करड्या रंगाचे अभ्रक सापडते. स्पोड्युमीन तर अनेकदा फेल्डस्पारसारखेच पांढरट दिसते. मात्र ते लांबट फळ्यांच्या रूपात वाढते, त्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व ३.१ ते ३.२ असते. फेल्डस्पारचे २.६ च्या आसपास असल्यामुळे सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन हातांत घेतल्यास सरावलेल्या माणसाला फरक जाणवतो.

भूरसायनतज्ज्ञ ज्यावर खरा विश्वास ठेवतात ती परीक्षा वेगळी आहे, आणि तिच्यासाठी दुर्मीळ खनिज हाती लागावेही लागत नाही. साध्या पोटॅश फेल्डस्पारचा तुकडा घेऊन त्यात पोटॅशियम रुबिडियमच्या किती पट आहे, एवढेच मोजायचे. सामान्य ग्रॅनाइटात हे गुणोत्तर दीडशे-दोनशेच्या घरात असते. दुर्मीळ धातूंच्या पेग्मटाइटात ते तीसच्या खाली येते आणि सर्वांत विकसित पेग्मटाइटांत दहाच्याही खाली जाते. असे का होते, ते पुढील उत्तरात पाहू. आपण फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे ताजे, न झिजलेले तुकडे, नेमकी जागा लिहून, राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडे तपासणीसाठी द्यावेत. त्याचे मुख्यालय नागपूरला आहे. विहिरीचे काम मात्र थांबवू नये. पाणी लागण्याची शक्यता लिथियम लागण्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे.

प्रश्न : लिथियम फार हलके, टँटलम फार जड, सिझियमचा अणू फार मोठा, बेरिलियमचा फार लहान. एकमेकांशी काहीही साम्य नसलेली ही मूलद्रव्ये एकाच खडकात कशी गोळा होतात? (भूशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : त्यांच्यात एक साम्य आहे : ग्रॅनाइटातील नेहमीच्या खनिजांना ती नकोशी असतात. कोकणातील मिठागर डोळ्यांसमोर आणावे. समुद्राचे पाणी आटू लागले की आधी जिप्सम खाली बसते, मग मीठ धरते, आणि मिठाच्या स्फटिकात न मावणारे मॅग्नेशियमसारखे घटक उरलेल्या कडवट पाण्यात साचत जातात. शिलारस थिजताना तत्त्वतः हेच घडते. फेल्डस्पार, क्वार्ट्झ व अभ्रक यांचे स्फटिक धरत जातात, आपल्याला हवे ते अणू उचलतात आणि नको ते उरलेल्या रसात ढकलतात.

नको असण्याची कारणे मात्र प्रत्येकाची निराळी आहेत. पोटॅशियमच्या आयनाची त्रिज्या १.३८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), रुबिडियमची १.५२ आणि सिझियमची १.६७ असते. रुबिडियम पोटॅशियमच्या जागी अंग चोरून बसते, सिझियमला ते फार जड जाते. म्हणून रस जितका अधिक थिजलेला, तितके त्यातील रुबिडियम पोटॅशियमच्या तुलनेत वाढलेले. वर सांगितलेल्या परीक्षेचे मर्म हेच. लिथियमचे उलटे आहे. त्याचा आयन ०.७६ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे फेल्डस्पारमधील सोडियम-पोटॅशियमच्या ऐसपैस जागेत टिकणार नाही इतका लहान असतो. बेरिलियम आकाराने सिलिकॉनच्या जागेत मावण्याजोगे आहे, पण त्याचा विद्युतभार सिलिकॉनच्या निम्मा असल्याने हिशेब जुळत नाही. टँटलम व नायोबियम यांचा भार पाच. त्यांना या तीन खनिजांत जवळजवळ कोठेच जागा नाही. भूकवचात सरासरीने दर टन खडकात लिथियम वीस-एक ग्रॅम असते, आणि खाणीयोग्य स्पोड्युमीन पेग्मटाइटात ते दर टनाला पाच-सात किलोग्रॅम भरते. एवढी वाढ होण्यासाठी रसाचा बहुतांश भाग आधीच थिजून बाजूला पडलेला असावा लागतो. मूळ रसही अनुकूल हवा. लिथियम-सिझियम-टँटलम गटातील पेग्मटाइटांचा उगम बहुधा अभ्रकाने समृद्ध असलेला जुना गाळाचा खडक खोल जाऊन वितळण्यात असतो, कारण हे धातू त्या अभ्रकातच आधी थोडेथोडे साठलेले असतात. या गटाचे, आणि नायोबियम-इट्रियम-फ्लोरीन या दुसऱ्या गटाचे, आज रूढ असलेले वर्गीकरण कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे पेट्र चेर्नी यांनी घडविले.

नायोबियम आणि टँटलम यांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी अशी आहे. दोघांचा भार पाच आणि त्रिज्याही ०.६४ अँगस्ट्रॉम अशी सारखीच. आवर्तसारणीत टँटलम नायोबियमच्या खाली असल्यामुळे ते मोठे असायला हवे होते. परंतु मध्ये लँथॅनाइडांची, म्हणजे दुर्मीळ मृदा धातूंची, रांग येते आणि तिच्यामुळे होणारे आकुंचन ही वाढ पुसून टाकते. इंग्लंडमध्ये हॅचेट यांनी १८०१ मध्ये एकाचा आणि स्वीडनमध्ये एकेबर्ग यांनी १८०२ मध्ये दुसऱ्याचा शोध लावला, तरी १८०९ मध्ये वॉलस्टन यांनी दोन्ही एकच असल्याचा निर्वाळा दिला. हाइन्रिक रोझे यांनी १८४४ मध्ये ती वेगळी असल्याचे दाखवून दिले आणि ग्रीक पुराणातील टँटलसच्या मुलीवरून, नायोबीवरून, एकाचे नाव नायोबियम ठेवले. रसायनशास्त्रज्ञांना इतकी वर्षे गोंधळात पाडणारी ही जोडी शिलारस मात्र अलग करतो. मँगनीजच्या संगतीत नायोबियमचे खनिज टँटलमच्या खनिजापेक्षा रसात कमी विद्राव्य असल्याने ते आधी बाहेर पडते आणि टँटलम शेवटपर्यंत रसात राहते. म्हणून एकाच पेग्मटाइटात काठाकडून गाभ्याकडे जाताना कोलंबाइटातील टँटलमचे प्रमाण वाढत गेलेले दिसते. मूळ ग्रॅनाइटापासून दूर जाताना पेग्मटाइटांच्या समूहातही तसेच आढळते. ग्रॅनाइटाच्या जवळ बहुधा नुसते सामान्य पेग्मटाइट, पुढे बेरिलचे, आणि लिथियम, सिझियम, टँटलम सर्वांत लांब, असा हा क्रम असतो. क्षेत्रकार्यात याचा आपल्याला नकाशाइतका उपयोग होईल.

प्रश्न : मोठे स्फटिक तयार व्हायला लाखो वर्षे लागतात असे शाळेत शिकलो. पेग्मटाइटातील प्रचंड स्फटिकही तसेच बनले का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : बहुतेक नाही, आणि पाठ्यपुस्तकातील हे वाक्य आता बदलायला हवे. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या एट्टा खाणीत स्पोड्युमीनचा सुमारे १४ मीटर लांबीचा स्फटिक मिळाला होता, म्हणजे चार मजली इमारतीइतका. पण असे पेग्मटाइट अनेकदा थंड झालेल्या खडकाच्या भेगांत शिरलेले असतात, आणि उष्णतेचे गणित मांडले तर भेगेत थिजलेली काही मीटर जाडीची भित्ती लाखो वर्षे गरम राहूच शकत नाही. तिचा काळ महिन्यांत किंवा वर्षांत मोजावा लागतो.

उलगडा खडीसाखरेत आहे. साखरेचा पाक घोटत राहिलो तर असंख्य बारीक कण एकाच वेळी धरतात आणि मऊसर वडी होते. तोच पाक न हलवता दोऱ्यावर ठेवला तर मोजकेच खडे धरतात आणि मोठे होतात. स्फटिकाचा आकार केवळ वेळेवर नव्हे, तर किती ठिकाणी वाढ सुरू झाली यावरही ठरतो. पेग्मटाइटाच्या रसात पाणी, बोरॉन, फॉस्फरस व फ्लोरीन विपुल असतात. त्यांच्यामुळे रस पातळ राहतो, नवे अंकुर सहजी धरत नाहीत, आणि जे धरतात त्यांच्याकडे अणू वेगाने पोहोचतात. पाण्याने संपृक्त ग्रॅनाइटाचा रस सामान्यतः साडेसहाशे-सातशे अंश सेल्सियसला पूर्ण थिजायला हवा. हा मात्र तापमान ४५० अंशांच्या आसपास उतरेपर्यंत तग धरतो, असा अमेरिकी भूशास्त्रज्ञ डेव्हिड लंडन यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष आहे. जान्स आणि बर्नहॅम यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात रसातून वेगळ्या होणाऱ्या पाण्याला मुख्य श्रेय होते. तो वाद मिटलेला नाही, पण मला लंडन यांची बाजू अधिक पटते.

प्रश्न : रियासी आणि मंड्या येथील लिथियम याच खडकातील आहे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : मंड्याचे आहे, रियासीचे नाही. कर्नाटकातील मार्लगल्ला-अल्लापटणा परिसरातील पेग्मटाइटांत १६०० टन लिथियमचे प्राथमिक अनुमान आहे. जम्मूतील रियासी येथे, २०२३ मध्ये ५९ लाख टनांचा आकडा जाहीर झाला तो, बॉक्साइटाशी निगडित मातकट खडकांविषयीचा होता. खडक वेगळे, धातू काढण्याची रीत वेगळी. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. स्पोड्युमीनदेखील सहज वश होत नाही. ते सुमारे ११०० अंशांवर भाजून त्याची रचना फुगवल्याशिवाय आम्ल त्याच्यातून लिथियम काढू शकत नाही.

प्रश्न : मी झिओलाइटांचे, म्हणजे पोकळ चौकटीत पाणी धरणाऱ्या खनिजांचे, नमुने जमवतो. पोल्युसाइट हे झिओलाइट असून त्याचे नाव ताऱ्यावरून पडले आहे असे वाचले. सह्याद्रीत ते मिळेल का? (एक संग्राहक, नाशिक)

उत्तर : मिळण्याची आशा धरू नये. सह्याद्रीचा बेसाल्ट हा प्रथमपासूनच सिझियमला फार गरीब असलेला खडक आहे आणि त्यात वरील प्रकारची गाळणी झालेली नाही. पण आपल्या संग्रहात त्याचा सख्खा भाऊ असू शकेल. अ‍ॅनल्साइम या झिओलाइटाची आणि पोल्युसाइटाची चौकट एकच असून एकीत सोडियम व पाणी, तर दुसरीत सिझियम असते.

नावामागे जुळे आहेत. १८४६ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ ब्राइटहाउप्ट यांना इटलीच्या एल्बा बेटावरील पेग्मटाइटात दोन नवी वाटणारी खनिजे जोडीने मिळाली, म्हणून त्यांनी त्यांना ग्रीक पुराणातील जुळ्या भावांवरून कास्टर आणि पोलक्स अशी नावे दिली. याच नावांचे तारे म्हणजे आपल्या पुनर्वसू नक्षत्रातील जोडी. कास्टर पुढे पेटलाइटच निघाले. आर्फवेडसन यांनी १८१७ मध्ये स्वीडनच्या उट्यो बेटावरील ज्या खनिजाचे पृथक्करण करताना बेरीज शंभराला काही टक्के कमी पडल्यामुळे लिथियम शोधले, तेच हे खनिज.

पोलक्सच्या, म्हणजे आजच्या पोल्युसाइटच्या, वाट्याला हीच तूट आली, पण तेव्हा ती कोणाला वाचता आली नाही. प्लाटनर यांच्या पृथक्करणाची बेरीज ९३ टक्क्यांच्या आतच राहिली. ते काटेकोर विश्लेषक होते. पुन्हा करून पाहण्याएवढा नमुना उरला नव्हता, म्हणून त्यांनी तो आकडा तसाच प्रसिद्ध केला. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याचे पाणी आटवून वर्णपटात सिझियमच्या निळ्या रेषा पाहिल्या, आणि १८६४ मध्ये पिसानी यांनी पोलक्सची पुन्हा तपासणी केली, तेव्हा कोडे सुटले. प्लाटनर यांनी पोटॅशियम व सोडियम म्हणून मोजलेला धातू प्रत्यक्षात सिझियम होता. पोटॅशियमचा अणुभार ३९, सिझियमचा १३३. जड धातूचा हिशेब हलक्याच्या भावाने केल्यामुळे बेरीज कमी पडली होती. पिसानी यांनी प्लाटनर यांचेच आकडे सिझियम धरून पुन्हा मांडले, तेव्हा ते शंभराच्या जवळ आले.