नागपुरात राहून ओडी (ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट, म्हणजे कंपनीची कामाची पद्धत सुधारणं) आणि इन्क्लुजनमध्ये (महिला, दिव्यांग अशा सगळ्यांना कामात सामावून घेणं) करिअर होतं का? सध्या पाच वर्षं जनरल एचआरमध्ये आहे.

होतं, पण त्या नावाची पोस्ट शोधत बसू नका. आहे त्याच नोकरीत ते काम मागून घ्या. बुटीबोरी-हिंगण्याकडच्या कारखान्यांत मी हेच काम करतो, आणि दार बहुतेक वेळा कायद्यामुळे उघडतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की 2013च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण करावं लागतं. कागद बहुतेकांकडे असतो. पण समितीची नावं नोटीस बोर्डावर इंग्रजीत, आणि लाइनवरच्या बायका मराठी-हिंदी वाचणाऱ्या. रॅम्प गेटपाशी झकास, कँटीनला मात्र दोन पायऱ्या. तिथून सुरुवात करा. ओडीसाठी जुन्या एक्झिट इंटरव्ह्यूची (नोकरी सोडताना घेतलेल्या मुलाखतींची) फाइल काढा: माणसं एकाच सुपरवायझरच्या हाताखालून जात असतील, तर तुमचा पहिला प्रोजेक्ट तोच. (प्लांट हेडला हे न चिडवता सांगणं, हे खरं कौशल्य. कोर्समध्ये ते मिळत नाही.) एमबीए असेल तर बरं, नसेल तर अडत नाही.

एक मात्र आहे: निव्वळ याच कामाच्या पूर्णवेळ जागा इथे मोजक्या. ‘हेड’ हे पद हवं असेल तर चार-पाच वर्षांनी पुणे-मुंबईची तयारी ठेवा, नाहीतर दोन-तीन कंपन्यांचं काम सल्लागार म्हणून घ्या.