पेटी घरी पोचल्यावर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचा तू पाठवलेला आराखडा नीट वाचला. पेटीवरचं चित्र छान आहे, नावही तोंडात बसेल असं. फक्त 'बाजारापेक्षा डझनामागे शंभर रुपये कमी' ही ओळ काढून टाक. एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईच्या नाक्यानाक्यावर 'देवगड हापूस'ची पाटी लागते आणि तिच्याखाली कर्नाटकचा आंबाही बिनदिक्कत खपतो. त्याच्याशी भावात झुंजायला गेलीस तर फवारणी, राखण, तोडणी, गाडीभाडं यातलं काहीतरी छाटावं लागेल. ती छाटाछाट शेवटी फळात उतरते.

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. बाबांच्या नावाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घे, तो कागद हवाच. पण त्यावरून आंबा कुठला एवढंच कळतं. तो कुणाचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागवावा का, हे गिऱ्हाईक घरी पेटी उघडल्यावर ठरवतं. तुझं सगळं लक्ष तिथे हवं.

म्हणून साक्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आंबा वरून केशरी, घरभर घमघमाट, आणि कापला की आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. बाहेरून ओळखायची सोय नाही. हापूस विकणाऱ्याची अब्रू जाते ती इथे. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं, उन्हाची आणि तापलेल्या जमिनीची धग लागली, की साका वाढतो. तुमची बाग कातळावरची, दुपारी त्या जांभ्यावर पाय ठरत नाही. तिथे तोडलेला आंबा क्षणभरही टेकवू देऊ नकोस. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन कर. तोडणी सकाळी लवकर उरक. फळ घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरव, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पडतात. भरलेले क्रेट थेट सावलीत. एवढं करूनही काही फळं साक्याची निघणारच. तेव्हा पेटीतल्या चिठ्ठीत स्वच्छ लिही: 'साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे भरून देऊ किंवा पैसे परत करू.' फोटो आल्यावर उलटतपासणी नको. त्या फळांचा खर्च आधीच भावात धर, म्हणजे देताना हात आखडणार नाही.

त्याच चिठ्ठीत तोडणीची तारीख आणि आंबा साधारण कधी तयार होईल तेही हवं. शहरात आढी लावायची माहिती आता फार थोड्यांना आहे. कच्ची फळं सरळ फ्रिजमध्ये जातात, तिथे सुरकुततात, धड पिकत नाहीत आणि बोल लागतो तुझ्या बागेला. पेंढ्यात एका थरात मांडा, रोज वरखाली करून बघा, पिकल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका, अशा साध्या शब्दांत लिही. मोठ्या अक्षरात, म्हणजे आजी-आजोबांनाही वाचता येईल.

पाडव्याला आंबा हवाच असे फोन येतील. फळ तयार नसेल तर नाही म्हण, आणि कधी देशील ती तारीख सांग. आंबा झटपट पिकवायला वापरतात त्या कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. शेजारच्याने वापरलं, त्याचे पैसे लवकर झाले, असं कानावर येईल. येऊ दे.

आता जरा नाजूक गोष्ट. बाबा वाशीच्या दलालाकडून दरवर्षी उचल घेतात. ती फिटेपर्यंत सगळा माल एकदम वळवू नकोस. वाईट वर्षात खत-औषधाला रोख पैसे देणारा तोच असतो, हे बाबांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांच्याशी बोलूनच ठरव. यंदा चौथा हिस्सा थेट विकलास तरी पुष्कळ. पुण्यात तू राहायचीस त्या भागातल्या दोन-तीन सोसायट्या धर, प्रत्येक ठिकाणी पेट्या उतरवून घेणारं एक जबाबदार माणूस बघ, आणि एक वही घाल. कुणाला लहान फळ चालतं, कुणाच्या पेटीत साका निघाला, कुणाची मुलगी मे महिन्यात माहेरी येते, सगळं त्यात. पुढच्या हंगामात पहिला फोन तू करायचास, तो या वहीवरून.

आंबापोळी, आंबावडी, बाटलीतला रस यांचे बेत आहेत ते यंदा बाजूला ठेव. त्यासाठी अन्न परवाना, वेगळी जागा, वेगळी माणसं लागतात आणि तोडणीच्या दिवसांत तुला जेवायलाही फुरसत नसेल. बारका नि डागी माल सध्या कॅनिंगला जाऊ दे.

हिशेब मांडताना बाबांची, आईची आणि तुझी मजुरी धरलेली नाही. ती धरून पेटीचा भाव पुन्हा काढ. चिठ्ठीचा मजकूरही छापायला देण्याआधी मला पाठव. दोन्ही या आठवड्यात आलं तर बरं, कारण खोक्यांची मागणी आता नोंदवावी लागेल.

तुझा,
काका