एमआरआयमधले पांढरे डाग आणि आप्पांचं गेट

"मॅडम, मेंदूत पांढरे डाग निघालेत. म्हणजे आता वडील अंथरुणाला खिळणार का?" ज्येष्ठांच्या समुपदेशनात हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. कोणी पडलं, चक्कर आली की एमआरआय होतो. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी मुलाच्या मोबाइलवर येतो आणि रात्रभर गुगल चालतं.

असंच एक कुटुंब आलं होतं. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) आप्पा चौऱ्याहत्तरचे, निवृत्त एसटी कंडक्टर. मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. हाड मोडलं नाही, पण एमआरआयच्या रिपोर्टात पांढऱ्या डागांपुढे 'फझेकास ग्रेड २' आलं. त्या दिवसापासून मुलाने गेटला कुलूप लावलं. सकाळचा दूध आणायचा फेरा बंद, पारावरच्या गप्पा बंद. खाटेशेजारी लघवीचं भांडं आलं. आप्पांनी रागाने जेवण कमी केलं.

मी त्यांना खोलीत बसवण्याआधी पॅसेजमध्ये चालताना पाहत होते. पावलं आखूड, पाय फरशीला घासत. वळायला सहा-सात पावलं लागली. चालता चालता विचारलं, "आप्पा, डेपो कुठला तुमचा?" ते थांबले, भिंतीला हात लावला आणि मग उत्तर दिलं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हीच गोष्ट नोंदवली होती: बोलायचं म्हटलं की ज्यांना चालणं थांबवावं लागतं, ते ज्येष्ठ पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. चालणं आपोआप होत नाही, त्याला लक्ष द्यावं लागतं, अशी ती खूण.

हे डाग म्हणजे गाठ नव्हे, कॅन्सर नव्हे. मेंदूच्या भागांना जोडणारे तंतू ज्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगतात, त्या वाढत्या वयाने, वर्षानुवर्षांच्या बीपीने, शुगरने, तंबाखूच्या धुराने खराब होतात. तिथले तंतू झिजतात, मेंदूचा हुकूम पायांपर्यंत उशिरा पोचतो आणि ती जागा एमआरआयवर पांढरी दिसते. फझेकास ही या डागांची १९८७ पासूनची मोजपट्टी, शून्य ते तीन. साठीनंतर पहिली पायरी इतकी सर्रास दिसते की तिने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. हे सगळं ऐकून आप्पाच म्हणाले, "म्हणजे डबल बेल मारली, पण ड्रायव्हरला उशिरा ऐकू गेली." इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

मुलाची भीती मात्र पोकळ नव्हती आणि ती तशी आहे असं मी भासवलंही नाही. युरोपातल्या 'लॅडिस' अभ्यासात स्वतःचं स्वतः करणाऱ्या ६३९ ज्येष्ठांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. सौम्य बदल असलेल्यांत दरवर्षी सुमारे १० टक्के लोक परावलंबी झाले किंवा वारले. तीव्र बदल असलेल्यांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या जवळ होतं. आप्पा मधल्या पायरीवर.

पण कुलूप हा त्यावर इलाज नाही. सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. हळूच म्हणाल्या, "गेट बंद केल्यापासून जास्त घसटतायत." मुलाने चमकून पाहिलं. बसून राहिलं की मांड्यांचं बळ जातं, पडायची धास्ती वाढते आणि उशिरा पोचणारा हुकूम झेलायला पायच उरत नाहीत.

"आणि पडले तर?" मुलाने तीनदा विचारलं. खरं समुपदेशन या प्रश्नाचंच झालं. कधीच पडणार नाहीत, असं कोणी लिहून देणार नाही. पडायची कारणं मात्र कमी करता येतात. आप्पा बीपीची गोळी 'डोकं दुखलं तरच' घेत होते आणि झोपेची गोळी रोज, तीही दुकानातून परस्पर आणलेली. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगायला लावल्या. बीपी झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या म्हटलं, कारण उभं राहताच वरचा आकडा २० ने उतरला तर नुसती गोळी वाढवणं अंगाशी येतं. चालणं बिघडणं, लघवी न आवरणं आणि विसरभोळेपणा एकत्र दिसले, तर मेंदूत पाणी साचलंय का हेही बघावं लागतं. त्यावर शस्त्रक्रिया असते आणि पुष्कळदा चाल सुधारते. आप्पांच्या बाबतीत ते नव्हतं.

बीपी आवरल्याने डाग पुसले जात नाहीत, वाढ मंदावते. अमेरिकेत पंचाहत्तरीपुढच्या १९९ जणांवर तीन वर्षांचा प्रयोग झाला. ज्यांचं बीपी जास्त काटेकोर ठेवलं त्यांचे डाग कमी वाढले, पण चालण्याच्या वेगात फरक पडला नाही. म्हणून गोळीच्या जोडीला पायांचं काम हवंच. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं आणि जागेवर गर्रकन न फिरता मोठा वळसा घेऊन वळणं शिकवलं. काठीवरून मोठा वाद झाला. "त्यापेक्षा छत्री घेतो" म्हणाले. छत्री म्हणजे काठी नव्हे, भार टाकला की सटकते. शेवटी हात खाली सोडल्यावर मनगटाशी मूठ येईल अशी काठी आली. मागे पट्टा असलेल्या चपला, मोरीत दांडा, रात्रीचा दिवा, दारातलं पायपुसणं हद्दपार.

गेट उघडलं, पण अटी ठरल्या. दुधाला जाताना नातू सोबत, पिशवी खांद्याला, आणि वाटेत कोणी हाक मारली तर थांबूनच बोलायचं. मुलाचा शेवटचा प्रश्न होता, एमआरआय पुन्हा कधी? नवी तक्रार नसेल तर उगाच नको, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ही चाल महिन्यां-वर्षांत बदलते. पण एखाद्या सकाळी अचानक तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोबडं बोलणं सुरू झालं, तर 'जुनेच डाग आहेत' म्हणत घरी बसायचं नाही. तो पक्षाघात असेल तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. कुठलं, हे त्यांनी तिथेच बसून ठरवलं आणि नंबर सूनबाईंच्या फोनमध्ये घातला.