मुलाला पहिली डर्ट बाईक घेताना

सहा वर्षांच्या मुलाला पहिली डर्ट बाईक, म्हणजे कच्च्या जागेवर चालवायची मोटारसायकल, घ्यायची असेल, तर वाढत्या अंगाची म्हणून मोठी गाडी घेऊच नका. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत. मला या वयाला यामाहाची पीडब्ल्यू ५० सगळ्यात योग्य वाटते: ५० सीसी, ना गिअर ना क्लच, दोन्ही ब्रेक हातात. थ्रॉटलच्या, म्हणजे वेग देणाऱ्या, मुठीजवळ एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ कितीही पिळली तरी ठरावीक मर्यादेपुढे जात नाही. सुरुवातीला तो बराच आत ठेवा, कारण पोरं घाबरली की मूठ सोडत नाहीत, उलट घट्ट पिळतात. म्हणूनच आधी इंजिन बंद ठेवून तुम्ही मागून ढकला आणि त्याला फक्त ब्रेक दाबायला शिकवा.

समुद्रावर नेऊ नका. मऊ वाळूत पुढचं चाक रुततं, खारं पाणी लोखंड खातं, आणि कोकणात वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर तर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. सपाट सडा, म्हणजे कोकणातलं खडकाळ पठार, बरा, पण तिथला जांभा (खरखरीत लाल दगड) गुडघे सोलून काढतो. फुलफेस हेल्मेट, गुडघे-कोपरांचे पॅड, घोटा झाकणारे बूट गाडीच्या आधी घ्या. पावसाळ्यात सड्यावर शेवाळ धरलं की गाडी बंद. आणि रस्त्यावर अजिबात नाही, वाडीतल्यासुद्धा.