जे डिलाचा ठेका चुकल्यासारखा का वाटतो, आणि त्याचे काम कोठून ऐकायला घ्यावे?

अमेरिकेतील डेट्रॉइटच्या जे डिलाला हिपहॉपमधील थोर निर्माता (गाण्याचा ठेका आणि संगीत रचणारा) म्हणतात, पण त्याचे ड्रम अडखळत वाजतात असे मला वाटते, मग ऐकावे तरी काय, असे आपण विचारले आहे. मी सिंधुदुर्गात भजनाला पखवाज वाजवतो, त्यामुळे हे उत्तर वादकाच्या कानाचे आहे.

डबलबारीत (दोन भजनी मंडळांच्या सामन्यात) गजर रंगला की झांज सरळ चालते आणि मुरलेला पखवाजी हात किंचित मागे ठेवून वाजवतो. त्याला लय सुटली असे कोणी म्हणत नाही, कारण सम तो चुकवत नाही. डिलाने हेच अकाईच्या एमपीसी ३००० या यंत्रावर केले. जुन्या तबकड्यांवरचे तुकडे या यंत्राच्या चौकोनी बटणांवर चढवून ते बोटांनी वाजवायचे असतात, आणि वाजवलेला प्रत्येक आघात मात्रेच्या नेमक्या भागावर ओढून बसवण्याची सोय त्यात आहे. डिला कधी ती सोय वापरीतच नसे, तर कधी एखादाच आवाज मुद्दाम पुढे-मागे सरकवी, त्यामुळे हाय-हॅट (ड्रमच्या संचातील झांजांची जोडी) सरळ, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) जराशी घाईत आणि बेस ड्रम (खर्जातला मोठा ड्रम) रेंगाळलेला, अशा दोन-तीन चाली एकाच ठेक्यात नांदतात. आपल्याला जे अडखळणे वाटते ते या चालींमधले अंतर आहे. (फोनच्या स्पीकरवर बेस ड्रम जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून हेडफोन हवाच.)

ऐकण्याची सुरुवात १९९५ पासून करावी. एमपीसी वाजवायला त्याला डेट्रॉइटच्याच अँप फिडलर या वादकाने शिकवले आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटातील रॅपर क्यू-टिपशी ओळखही त्यानेच करून दिली. त्या वर्षी द फारसाइड या गटासाठी केलेल्या ‘रनिन’मध्ये स्टॅन गेट्झ आणि लुईझ बोंफा यांच्या तबकडीवरची गिटार आहे, नवख्या कानाला ते गाणे सर्वांत सोपे जाते. तेव्हाच्या तबकड्यांवर त्याचे नाव ‘जे डी’ असे आढळेल. पुढे अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टबरोबरचे काम आहे, ते मला तितकेसे भावत नाही. २००० साल मात्र सावकाश ऐकावे. त्या वर्षी स्लम व्हिलेज या शाळूसोबत्यांच्या गटाचा ‘फँटास्टिक, व्हॉल्यूम २’ आला आणि कॉमन या रॅपरच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’मधील बहुतेक गाणी डिलाची होती. डिअँजेलो या गायकाचा ‘वूडू’ही त्याच वर्षीचा, त्यावर ड्रम वाजवणाऱ्या क्वेस्टलव्हने हे सैल वाजवणे आपण डिलाकडून घेतल्याचे वारंवार सांगितले आहे. यंत्रावरचा ठेका ऐकून माणसाने आपला हात बदलावा, हे मला वादक म्हणून फार विलक्षण वाटते.

डिलाचा स्वतःचा अल्बम ‘वेलकम टू डेट्रॉइट’ २००१ चा. त्यानंतर एका मोठ्या कंपनीसाठी त्याने एक अल्बम केला, ज्यात बहुतेक ठेके इतर निर्मात्यांचे आणि आवाज त्याचा होता. कंपनीने तो अडकवून ठेवला आणि ‘द डायरी’ या नावाने तो थेट २०१६ मध्ये बाहेर आला. खरे सांगायचे तर रॅपर म्हणून डिला बेताचाच. २००३ मधील ‘रफ ड्राफ्ट’ हा खडबडीत छोटा अल्बम मात्र चुकवू नये.

‘डोनट्स’ या अल्बमने आरंभ करा असा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. रक्ताच्या दुर्मीळ विकाराने आणि ल्युपसने तो खंगला असताना, ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, हा अल्बम निघाला आणि तीन दिवसांनी तो गेला. यात रॅप नाही, ३१ तुकडे आहेत, बहुतेक दोन मिनिटांच्या आतले, आणि पहिल्याच तुकड्याचे नाव ‘आउट्रो’, म्हणजे समारोप, असे आहे. कान तयार नसेल तर हे सारे अर्धवट टिपणांसारखे वाटते. म्हणून तो शेवटी घ्यावा, आणि तोवर ‘फँटास्टिक’मधील कोणत्याही एका गाण्यावर आधी फक्त हाय-हॅटबरोबर पायाने मात्रा धरावी, मग पाय तसाच चालू ठेवून हाताने बेस ड्रम वाजवून पाहावा.