शेणखत चार ट्रॉली, तरी कांदा पिवळा का?

या पंधरवड्यात सेंद्रिय खतांबद्दल तीन प्रश्न आले. तिन्हींचं मूळ एकच आहे, खतातलं नत्र (नायट्रोजन) पिकाला कधी आणि किती मिळतं, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

निफाड तालुक्यातून : उन्हाळ कांद्याच्या लागणीआधी आठ दिवस एकरी चार ट्रॉली शेणखत टाकलं. रासायनिक काहीच दिलं नाही. महिना झाला, पात पिवळसर आहे, वाढ थांबलीय. खत कमी पडलं का?

खत भरपूर पडलं, पण उशिरा. शेणखतातलं बहुतेक नत्र सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं, ते मुळांना तसं घेता येत नाही. जिवाणू खत कुजवतात, त्यातून आधी अमोनियम आणि मग नायट्रेट तयार होतं, तेव्हा कुठे ते पिकाला लागू पडतं. या जिवाणूंना ओल आणि ऊब दोन्ही हवी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कित्येकदा १० अंशांखाली जातो, तेव्हा हे काम अगदीच रेंगाळतं.

आता हिशोब करू. चार ट्रॉली म्हणजे साधारण १० टन. शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तर ५० किलो झालं. पहिल्या हंगामात त्यातलं जेमतेम पाव, म्हणजे १२-१३ किलो हाती लागतं. कांद्याला एकरी ४० किलोच्या आसपास लागतं. पालाशचं (पोटॅशचं) तसं नाही, तो बराचसा लगेच मिळतो. म्हणून शेणखत घातलेल्या रानात उपासमार होते ती मुख्यतः नत्राची.

खतात गव्हाचं काड ओळखू येत होतं का, हेही आठवून पाहा. मुरलेल्या शेणखतात कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब (कार्बन) आहे ते, २० च्या आत असतं, काडात ८० च्या घरात. असं कच्चं खत कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र स्वतःसाठी उचलतात. पीक मागे राहतं.

आता एकरी एक गोणी युरिया दोन हप्त्यांत द्या. अर्धी लगेच, अर्धी लागणीपासून ४५ दिवसांच्या आत, आणि वर पाणी द्या. त्यानंतर नत्र बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढलं की तुमचं शेणखत आपोआप नत्र सोडू लागेल, आणि नेमका तेव्हा कांदा पोसत असतो. त्यात वरून आणखी नत्र पडलं तर माना जाड राहतात आणि साठवणीच्या चाळीत सड वाढते. शेत सेंद्रिय प्रमाणित असेल तर युरिया चालणार नाही. तिथे निंबोळी पेंड द्या, पण थंडीत तिचाही गुण सावकाश येतो. पुढच्या वर्षी शेणखत पावसाळ्याआधी नाहीतर निदान लागणीच्या महिनाभर आधी वखरून मातीत मिसळा.

गिरणाऱ्याहून : टोमॅटोच्या खड्ड्यात ताजं कोंबडखत घातलं, रोपं करपली.

कोंबडखताची गत उलटी. यात नत्र दोन-तीन टक्के असतं आणि त्यातला मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच मोकळा होतो. ताज्या खतातला अमोनिया आणि क्षार कोवळ्या मुळांना जाळतात. मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरताना खड्ड्यातलं खत आधी बाजूला काढा. यापुढे ढिगात ओल राखून, अधूनमधून पलटी देत, दीड-दोन महिने कुजवलेलंच कोंबडखत वापरा. ढिगात हात घातला की गरम लागत असेल किंवा नाकाला झोंबत असेल, तर ते अजून कच्चं आहे. जमिनीवर पसरून उघडं ठेवू नका. आपल्या चुनखडीच्या जमिनीत अमोनिया हवेत उडून जातो आणि पैसा त्याच्याबरोबर. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही रानात येते, हे वेगळंच दुखणं.

चांदवडहून : शेणखत मिळत नाही. नुसत्या जिवामृतावर कोबी येईल का?

जिवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रावण. त्याच्या २०० लिटरमध्ये १० किलो शेण आणि १० लिटर गोमूत्र असतं. एवढ्यातून कोबीचं नत्र भागणार नाही. जिवामृत देत असाल तर द्या, माझी हरकत नाही, पण कुजवायला रानात काहीतरी हवं ना! पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, फुलोऱ्याआधी मातीत गाडा आणि मग तीन-चार आठवड्यांनी कोबीची लागण करा. कोवळा ताग लवकर कुजतो. जून होऊन दांडे कडक झाले की तोही काडासारखाच वागतो.