तक्त्यात नसलेला रकाना

‘शिकायचंय ते ठरलंय, पण त्यासाठी पैसे कोण देणार?’ हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी मुलं हल्ली वरचेवर भेटतात. विषय जितका आडवाटेचा, तितकी अपराधीपणाची भावना जास्त, असं मला नेहमी दिसतं. आजची गोष्ट सागरी पुरातत्त्वाची आहे, म्हणजे बुडालेली जहाजं, जुनी बंदरं, पाण्याखाली गेलेल्या वस्त्या यांच्या अभ्यासाची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी चार-दोन संवादांत आटोपल्या आहेत.

ती रसायनशास्त्राची पदवीधर, एका प्रयोगशाळेत नोकरीला. आली ती लॅपटॉप उघडूनच. समोर परदेशी विद्यापीठांचा भलामोठा तक्ता : साउदॅम्प्टन, ॲडलेडचं फ्लिंडर्स, टेक्सस ए अँड एम, ईस्ट कॅरोलायना. पुढे शुल्क, राहण्याचा खर्च, शेवटची तारीख आणि ‘मिळण्याची शक्यता’. बहुतेक ओळी लाल.

“ही शक्यता कशी काढलीस?”

“अंदाजाने. मॅडम, या विषयाच्या नावाने पैसे देणारं जवळजवळ कुणी नाहीच. ऑनर फ्रॉस्ट फाउंडेशन आहे, पण त्यांचा भर पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या देशांवर. म्हणजे माझ्यासारखीने हे शिकावं असं कुणाला वाटतच नाही.”

मी तिला तिथेच थांबवलं. आधीची वाक्यं माहितीची होती, शेवटचं तिने पदरचं जोडलेलं. माणूस परिस्थितीपेक्षा तिला लावलेल्या अर्थाने जास्त अडतो, यावर माझा विश्वास आहे आणि इतक्या वर्षांत तो ढळलेला नाही. शिष्यवृत्ती नाकारली जाणं म्हणजे आपणच नाकारले जाणं, असा अर्थ एकदा मनात बसला की अर्ज लिहायला हात उचलत नाही. तिने तोवर एकही अर्ज भरला नव्हता.

पुढच्या एका भेटीत मी विचारलं, “या तक्त्यात तुला नेमकं काय अभ्यासायचंय, ते कुठल्या रकान्यात आहे?”

ती डावीकडून उजवीकडे सरकत गेली, मग परत आली. असा रकाना नव्हताच.

“तोंडी सांग मग.”

थोडा वेळ गेला. मग ती ‘व्हासा’बद्दल बोलू लागली. स्वीडनचं हे युद्धनौकेचं धूड 1628 मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि 1961 मध्ये वर काढलं गेलं. शतकानुशतकं पाण्यात राहिलेलं लाकूड तसंच वाळू दिलं तर आकसतं, तडकतं. म्हणून पाण्याची जागा घेणारं पॉलिथिलीन ग्लायकॉल त्यावर 17 वर्षं फवारलं. इथवर ती पाठ केल्यासारखं सांगत होती. पुढे मात्र खुर्चीत पुढे सरकली. “पण खरी गंमत नंतर आहे. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलेलं होतं. खिळे-बोल्टांचं लोखंडही झिरपलेलं. हवा आणि ओल लागल्यावर आतल्या आत सल्फ्युरिक आम्ल तयार व्हायला लागलं! आता ते लाकडाला किती खातंय, कसं थांबवायचं...” दोन्ही हातांनी ती हवेत फळीचा छेद दाखवत होती. लॅपटॉपचा पडदा केव्हाच काळा झाला होता. मी मुद्दाम मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि ते मला बऱ्यापैकी जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

“आत्ता सांगितलंस त्यात रसायनशास्त्र किती?”

ती हसली. “जवळजवळ सगळंच की!”

गाठ सुटली ती इथे. तोवर ती विषयाच्या नावाला पैसे मागत होती. पैसे मिळतात ते प्रश्नाला. ‘मला समुद्राची ओढ आहे’ हे अर्जात लिहिणारे ढिगाने असतात. पाण्यात मुरलेल्या लाकडातलं आम्ल हा प्रश्न मात्र वारसा-जतन, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र अशा दारांवरही टकटक करू शकतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याला ध्वनिलहरींनी होणारं समुद्रतळाचं सोनार-सर्वेक्षण, इतिहासाच्या विद्यार्थ्याला बंदरांची दप्तरं हीच वाट दाखवतात. तक्त्यात पहिला रकाना प्रश्नाचा हवा, विद्यापीठाचा नंतर.

बाकीचं थोडक्यात सांगते. ब्रिटनमधली पदव्युत्तर पदवी पूर्णवेळ केली तर साधारण वर्षाची, म्हणून राहण्याचा खर्च कमी येतो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारखी शिष्यवृत्ती बहुतेक सगळा भार उचलते, पण तिला कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. अशा अर्जांची मुदत अनेकदा वर्षभर आधीच संपते. अमेरिकेत विभागातलं शिकवण्याचं किंवा संशोधनाचं सहायकपद मिळालं तर शुल्कात मोठी सूट मिळू शकते. त्यासाठी प्राध्यापकांना आधीच लिहावं, आणि पत्रात आपला प्रश्न असावा, नुसतं ‘शिष्यवृत्ती आहे का’ नव्हे. नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटी या ब्रिटिश संस्थेचे सागरी पुरातत्त्वाचे छोटे अभ्यासक्रम आधी करून पाहिले तर आवड किती टिकते तेही कळतं.

“मला डायव्हिंग येत नाही” ही भीती तर हमखास निघते. 1960 मध्ये तुर्कस्तानच्या केप गेलिडोन्यापाशी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांनी बुडालेल्या जहाजाचं उत्खनन केलं तेव्हा तेही नुकतेच शिकून पाण्यात उतरले होते. शिवाय या क्षेत्रातलं कितीतरी काम प्रयोगशाळेत, दप्तरखान्यात आणि संगणकासमोर चालतं. अभ्यासक्रमाची अट मात्र स्वतः तपासावी.

राहिले बाबा. “त्यांचे साठवलेले पैसे मी समुद्रात घालू?” हे तिचं वाक्य, त्यांचं नव्हे. त्यांना तिने विचारलंच नव्हतं. विचारल्यावर ते “कशाला?” म्हणाले नाहीत, “किती लागतील आणि फेडायचं कसं?” एवढंच म्हणाले. हा हिशेबाचा प्रश्न होता, आणि हिशेब तिला येत होता. दोघांनी बसून कर्जाची कमाल मर्यादा लिहून ठेवली. हे प्रवेशपत्र हातात पडण्याआधी करावं, नंतर सगळेच आकडे लहान वाटू लागतात.

त्या वर्षी एका शिष्यवृत्तीचा नकार आला. एका ठिकाणी प्रवेश मिळाला, शुल्कात थोडी सवलतही मिळाली, पण बेरीज मर्यादेच्या वर जात होती. तिने प्रवेश सोडला, नोकरी चालू ठेवली आणि पुढच्या फेरीचा अर्ज लाकडातल्या गंधकापासून लिहायला घेतला.